माउंटन गोटच्या डोंगरात जाताय? या चुका टाळा

दर जुलैत एक फोन ठरलेला असतो. "ताई, आम्ही एन्चांटमेंट्स एका दिवसात करतोय. सह्याद्रीत पन्नास-साठ किल्ले झालेत, तेव्हा जमेलच ना?" एन्चांटमेंट्स म्हणजे इथल्या वॉशिंग्टन राज्यातला उंचावरच्या तळ्यांचा डोंगराळ भाग. मी विचारते, बूट कुठले? उत्तर येतं, "मागच्याच आठवड्यात घेतले." तिथेच मला फोन ठेवून द्यावासा वाटतो.

मी सिएटलजवळ राहते. त्याआधी साताऱ्याकडचे डोंगर पालथे घातलेत, म्हणून सह्याद्रीला नावं ठेवणार नाही. पण सह्याद्रीत बहुतेक वेळा खाली कुठेतरी एखादी वाडी असते, चुकलात तर कुत्रं तरी भुंकतं. वॉशिंग्टन राज्याच्या कॅस्केड्स डोंगरात माउंटन गोट राहते तिथे असं काही नसतं. नावात शेळी असली तरी शास्त्राच्या हिशेबात ही खरी शेळी नव्हे. पांढरीशुभ्र लोकर, काळी शिंगं, आणि खुरांना रबरासारखे मऊ तळवे. आपण हात टेकून चढतो त्या कड्यावर ती चरत असते.

सगळ्यात जास्त वेळा बघितलेली चूक लघवीची. स्पष्टच लिहिते, कारण आडून सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

एवढ्या उंचीवर मीठ मिळायची मारामार. माउंटन गोटला ते आपल्या लघवीत आणि घामात सापडतं. गवतावर किंवा झुडपाशी लघवी केलीत, की ती येऊन खुरांनी माती उकरते आणि झाडोरा मुळासकट उपटते. त्या झाडोऱ्याला परत उगवायला किती वर्षं लागतात, कुणास ठाऊक. म्हणून वाटेपासून आणि तंबूपासून लांब जायचं, उघडा खडक बघायचा. रात्री दोन वाजतासुद्धा.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं वरच्या तळ्यांपाशी मुक्कामाला होतो. आमच्यातल्या एकाला थंडीत बूट चढवायचा कंटाळा आला. तो तंबूतून चार पावलं बाहेर गेला आणि परत आला. तासाभराने तंबूच्या मागे कुणी नारळ खवतंय असा आवाज यायला लागला. टॉर्च मारला तर एक मादी, तिच्यामागे पिल्लू, आणि दोघं आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. सकाळी बघतो तर माझ्या काठीच्या बुचाच्या मुठीचा निम्मा भाग गायब, त्याच्या सॅकचा पट्टा चावून चोथा केलेला, आणि दोरीवर वाळत घातलेला घामट शर्ट दगडांत पडलेला. हा गडी हसत हसत त्या मादीचा फोटो घ्यायला हातभर अंतरावर गेला, तेव्हा मात्र मी त्याच्यावर ओरडले. पिल्लू आणि आई यांच्या मधे कुणी उभं राहतं का? २०१० साली याच राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कात, क्लाहान रिजवर, माउंटन गोटच्या एका बोकडाने मांडीत शिंग खुपसलं आणि एक गिर्यारोहक प्राणाला मुकला. तो नवशिकासुद्धा नव्हता.

ऑलिंपिकमधले हे प्राणी तिथले मूळचे नव्हेत, १९२०च्या दशकात माणसांनी आणून सोडलेले. शेवटी २०१८ ते २०२० या काळात तीनशेहून जास्त प्राणी डोळ्यांवर पट्टी बांधून हेलिकॉप्टरखाली लटकवून कॅस्केड्समध्ये हलवले. माणसांच्या मिठाची सवय हेही त्यामागचं एक कारण.

माझी सवय सांगते. काठ्या, सॅक, बूट, घामाचे कपडे सगळं तंबूत घेते, झोपायला जागा उरली नाही तरी चालेल. माउंटन गोटपासून अंतर किमान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर. ती आपणहून जवळ आली तर ओरडायचं, भांडी वाजवायची, नाहीच ऐकलं तर दगड भिरकवायचा. दगड मारायला जीव कचरतो, मान्य आहे. पण पार्कवालेच असं करायला सांगतात, कारण धीट झालेला प्राणी शेवटी मरतोच.

दुसरी चूक आपल्या ढोरवाटेची सख्खी बहीण. गुरांची वाट पायवाट समजून सह्याद्रीत कोण फसलं नाही? इथे तसंच, फक्त गुरं जाळीत नेऊन सोडतात आणि माउंटन गोट कड्यावर. मळलेली वाट दिसली, तिच्यावर पांढऱ्या लोकरीचे पुंजके अडकलेले दिसले, की मागे फिरा.

एन्चांटमेंट्समध्ये चढायच्या वाटेवरच्या आसगार्ड खिंडीबद्दल थोडक्यात. कोलचक तळ्यावरून दीडेक किलोमीटरात सहाशे मीटरहून जास्त चढ, सगळा धोंडे आणि घसारा. जूनमध्ये तिथे बर्फ असतो, त्याखालून पाणी वाहत असतं आणि वरचा थर पोकळ झालेला असतो. बसून घसरत उतरायचे व्हिडिओ बघून तसं करायला जाऊ नका. लोक मेलेत तिथे.

आता शिकार. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय आपल्यासाठी संपलेला. इथे ती परवान्याने होते, आणि माउंटन गोटचा टॅग, म्हणजे एक प्राणी मारायचा परवाना, सोडतीत निघाला तर बहुतेकांना आयुष्यात एकदाच. मी बंदूक धरत नाही. पण आमच्या शेजाऱ्याला खूप वर्षं अर्ज केल्यावर टॅग लागला आणि मांस वाहायला माणसं हवी होती, म्हणून गेले. गडी माणूस नाही म्हणून कुणी हसलं नाही, एवढं खरं.

तीन दिवस त्याने सगळं नीट केलं. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, त्यामुळे ओळखायला वेळ लागतो. बोकडाची शिंगं बुडाशी जाड, कपाळावर मधे फट कमी. मादीची बारीक, टोकाशी एकदम वळलेली. शिंगांवरून कळलं नाही तर लघवीची वाट बघायची, मादी खाली बसते, बोकड ताणून उभा राहतो. मादीला पहिलं पिल्लू होईपर्यंत तीन-चार वर्षं जातात, म्हणून ती मारू नये असा आग्रह असतो. हे सगळं तो दुर्बिणीतून तासन् तास तपासत बसायचा. प्राणी धोका खालून येईल असं धरून चालतो, म्हणून आम्ही पहाटे सोंडेवरून वर चढलो आणि वरच्या बाजूने आलो.

आणि चौथ्या दिवशी, संध्याकाळी पाचला, बोकड कड्याच्या ओठावर उभा असताना त्याने गोळी झाडली.

नेम चुकला नाही. बोकड दोन पावलं चालला आणि दिसेनासा झाला. मग खालून दगड गडगडल्याचे आवाज, एक, दोन, आणि बराच वेळाने तिसरा. हा प्राणी मुळात चिवट, गोळी लागल्यावरही कड्याकडेच जातो. आम्ही कड्याला आडवं जाऊन खालच्या घळीत उतरलो तेव्हा अंधार पडला होता. एक शिंग मुळाशी तुटलेलं, मागचा एक फरा पार चेचलेला, खडकावर लोकर चिकटलेली. खाण्याजोगं मांस टाकून येणं गुन्हा आहे, आणि नसतं तरी त्याने टाकलं नसतं. हाडं काढून मांस पिशव्यांत भरेपर्यंत मध्यरात्र झाली. माझ्या पाठीवर पंधरा किलो, पायाखाली सुटे दगड, आणि दोन्ही बाजूंना काय आहे ते दिसत नाही. म्हणून उजाडेपर्यंत एका कपारीत बसून राहिलो. आयुष्यातली सगळ्यात लांब रात्र ती. तो फक्त एकदा म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत थांबायला हवं होतं."

थांबायला हवंच होतं. बोकड सपाटीवर येईपर्यंत थांबा, नाही आला तर सोडून द्या. ट्रिगरला हात लावण्याआधी तो पडेल कुठे, आपण तिथे जाऊ कसे आणि ओझं घेऊन उतरू कुठून, या तिन्हींची उत्तरं हवीत. चढायची वाट डोळ्यांना दिसते म्हणून उतरायचीही असेलच, हे गृहीत धरणारे मला शिकाऱ्यांतही भेटतात आणि एका दिवसात एन्चांटमेंट्स करणाऱ्यांतही.

बाकीचं पटापट. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. नवे बूट आधी महिनाभर घरात आणि बाजारात घाला. ओढ्याचं पाणी कितीही नितळ असो, गाळूनच प्या. नकाशा फोनमध्ये असेल तर कागदावरही हवा. वळायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि माथा समोर दिसत असला तरी वळा. हेडलॅम्प प्रत्येकाचा स्वतःचा. नवरा-बायकोत एक चालत नाही, कितीही प्रेम असलं तरी.