नवशिक्यांसाठी उपासनागीते आणि नाताळच्या चाली : सोपी मांडणी कशी लिहावी

उपासनासंग्रहाचे कोणतेही पान उघडले, तर त्यावर बहुधा चार आवाजांसाठी केलेली मांडणी असते. वरच्या पंचरेषेवर सोप्रानो आणि आल्टो, खालच्या पंचरेषेवर टेनर आणि बास, आणि जवळजवळ प्रत्येक मात्रेला बदलणारी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट. हे लेखन चार गळ्यांसाठी झालेले असते, दोन हातांसाठी नव्हे. म्हणूनच टेनर आणि बास यांच्या स्वरांतील अंतर पुष्कळदा एका सप्तकाहून अधिक असते, आणि जो हात अजून सप्तकभरही ताणला जात नाही त्याला ते दोन्ही स्वर एकदम दाबता येत नाहीत. पियानो किंवा कीबोर्ड शिकायला लागून चार-सहा महिने झालेल्या व्यक्तीपुढे असे पान ठेवले, की ती चाल ओळखीची असूनही अडखळते.

सोपी मांडणी करायची म्हणजे स्वर कमी करायचे, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धवट आहे. कमी करायची ती हातांची हालचाल आणि वाचताना क्षणोक्षणी घ्यावे लागणारे निर्णय. चालीला मात्र शक्यतो हात लावू नये. मी सुरुवातीला केलेल्या एका मांडणीत अर्ध्या मात्रेचे सगळे स्वर गाळून टाकले होते. वाजवायला ती फारच सोपी झाली, पण ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ते कोणते गाणे आहे हे ओळखता आले नाही, आणि शिकणाऱ्याचा सगळा उत्साह तेथेच संपला. ओळखीची चाल कानात असणे हेच नवशिक्याजवळचे सर्वांत मोठे भांडवल आहे. वाचनात चूक झाली तर त्याचा कानच त्याला सांगतो.

चालीची निवड

पहिल्या मांडणीसाठी पाच बोटांत मावणारी चाल घ्यावी. बेथोव्हेनच्या १८२४ मधील नवव्या सिम्फनीतील ‘ओड टू जॉय’ ही चाल, जिच्यावर पुढे उपासनागीतेही रचली गेली, या कामी उत्तम आहे. उजव्या हाताचा अंगठा मिडल सी वर, म्हणजे कीबोर्डच्या मध्यावरच्या सी वर, ठेवला, की सी ते जी या पाच स्वरांत जवळजवळ सगळी चाल बसते आणि बहुतेक ठिकाणी स्वर शेजारच्याच पट्टीवर जातो. अपवाद एकच : तिसऱ्या ओळीच्या शेवटी येणारा खालचा जी. तो घेण्यासाठी उजवा हात हलवण्याचे कारण नाही. डावा हात एक सप्तक खाली, करंगळी सी वर अशा स्थितीत असेल, तर त्याचा अंगठा नेमका त्याच जी वर असतो. तेवढा एक स्वर डाव्या हाताला द्यावा. याच चालीत चौथी ओळ एक मात्रा आधी सुरू होते आणि तो स्वर पुढच्या बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या पुढच्या गटात, धरून ठेवावा लागतो. पहिल्या मांडणीत ही ओळ सरळ बारच्या सुरुवातीला आणावी. जाणकाराला फरक कळेल, पण शिकणाऱ्याची एक मोठी अडचण दूर होईल. चालीला हात लावू नये या नियमाला मी दिलेली ही एवढीच सूट.

‘जिंगल बेल्स’ हे १८५७ मध्ये प्रकाशित झालेले गाणे. त्याचे धृपद सी ते जी या पाच स्वरांत पूर्णपणे मावते. कडवे मात्र मावत नाही, म्हणून नवशिक्यांच्या पुस्तकांत पुष्कळदा धृपदच तेवढे दिलेले आढळते, आणि ते योग्यच आहे.

‘जॉय टू द वर्ल्ड’ वरवर अवघड दिसते, कारण त्याची सुरुवातच वरच्या सी पासून खालच्या सी पर्यंत उतरणाऱ्या संपूर्ण सप्तकाने होते आणि आठ स्वरांना पाच बोटे पुरत नाहीत. येथे दोन मार्ग आहेत. शिकणाऱ्याला अंगठ्यावरून बोट नेण्याची सवय असेल, तर उजव्या हाताची बोटे (अंगठा १, करंगळी ५) ५-४-३-२-१, ३-२-१ अशी लिहावीत. तशी सवय नसेल, तर वरचे चार स्वर, म्हणजे सी, बी, ए, जी, उजव्या हाताला ४-३-२-१ या बोटांनी द्यावेत, आणि एफ, ई, डी, सी हे खालचे चार डाव्या हाताला १-२-३-४ या बोटांनी. दुसऱ्या मार्गात दोन्ही हात जागचे हलत नाहीत आणि पुढे चाल पुन्हा जी पासून वर चढते तेव्हा उजवा अंगठा तेथे तयारच असतो. या मांडणीत डाव्या हाताला साथ देता येत नाही हे खरे. ती उणीव शेजारी बसलेल्या शिक्षकाने खालच्या सप्तकात कॉर्ड वाजवून भरून काढावी.

‘अमेझिंग ग्रेस’ ज्या चालीवर आज गायले जाते, ती केवळ पाच स्वरांची आहे. जी मेजरमध्ये, म्हणजे जी हा सा धरून, घेतल्यास जी, ए, बी, डी, ई एवढेच स्वर येतात. आपल्या कानाला ते भूपाचे सा, रे, ग, प, ध म्हणून सहज ओळखू येतात. त्यामुळे जी मेजरचा एफ शार्प (एफ च्या लगत वरची काळी पट्टी) चालीत कोठेही दाबावा लागत नाही. हीच चाल एफ शार्प हा सा धरून घेतली तर ती संपूर्णपणे काळ्या पट्ट्यांवर बसते. ज्याला स्वरलेखन अजिबात वाचता येत नाही, त्याला पहिल्याच दिवशी एखादे पूर्ण गाणे द्यायचे असेल, तर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. विस्तार मात्र खालच्या डी पासून वरच्या डी पर्यंत, म्हणजे सप्तकभर आहे. हात सरकवावाच लागतो. तो ओळीच्या शेवटच्या लांब स्वरानंतर सरकवावा, मध्ये कधीही नाही.

कोणत्या पट्टीत लिहावे

मूळ संग्रहात ई फ्लॅट किंवा ए फ्लॅट मेजर असेल, तर वाजवणाऱ्यासाठी ती चाल सी, जी किंवा एफ मेजरमध्ये आणणे हे सर्वांत पहिले काम. मात्र सोबत कोणी गाणार असेल, तर केवळ काळ्या पट्ट्या मोजून निर्णय घेऊ नये. ‘सायलेंट नाईट’चा विस्तार एक सप्तक आणि वर तीन स्वर इतका मोठा आहे. सी मेजरमध्ये ती मिडल सी पासून वरच्या सप्तकातील एफ पर्यंत जाते, आणि तो एफ सर्वसाधारण गळ्याला जड जातो. बी फ्लॅटमध्ये तीच चाल ई फ्लॅटपर्यंतच चढते. म्हणून एकट्याने वाजवायचे असेल तर सी, आणि समूहाने गायचे असेल तर बी फ्लॅट, असे दोन स्वतंत्र कागद करावेत. दोन्ही गरजा एका कागदात भागवण्याच्या प्रयत्नात कोणाचेच समाधान होत नाही.

लय आणि बार

‘सायलेंट नाईट’ सहसा ६/८ मध्ये लिहिलेली असते आणि तिच्या पहिल्याच स्वराला टिंब (स्वराचे मूल्य दीडपट करणारी खूण) असल्यामुळे नवशिक्याचा गोंधळ उडतो. ती ३/४ मध्ये, म्हणजे बारमध्ये तीन मात्रा ठेवून, प्रत्येक स्वराचे मूल्य दुप्पट करून लिहावी. मग पहिले चार स्वर दीड मात्रा, अर्धी मात्रा, एक मात्रा आणि तीन मात्रा असे होतात, आणि मूळच्या १२ बारांचे २४ बार होतात. ऐकताना काहीच बदलत नाही. मोजताना मात्र एक-दोन-तीन एवढेच मोजावे लागते. बारांची संख्या वाढली म्हणून कागद जास्त लागतो, पण एका ओळीत चार बार ठेवले तर बरोबर सहा ओळी होतात आणि गाण्याचे सहा चरण त्या सहा ओळींत एकेक करून बसतात.

‘अमेझिंग ग्रेस’सारखी चाल पहिल्या मात्रेवर सुरू होत नाही, सुरुवातीचा एकच स्वर अपुऱ्या बारमध्ये येतो आणि उरलेल्या दोन मात्रा शेवटच्या बारमध्ये भरल्या जातात. शिकणारा हा पहिला स्वर जोरात वाजवतो आणि सगळा ठेका उलटा होतो. त्या स्वराच्या आधी ‘१ २’ हे आकडे लहान अक्षरांत छापावेत, म्हणजे तो आपोआप तिसऱ्या मात्रेवर येतो.

डावा हात

मांडणी सोपी की अवघड हे बहुतांशी डावा हातच ठरवतो. चार आवाजांच्या मांडणीतील प्रत्येक मात्रेची कॉर्ड घेण्याऐवजी, बारमधील पहिल्या, वजनदार मात्रेवर चालीचा कोणता स्वर आहे हे पाहावे आणि तो ज्या कॉर्डमध्ये बसतो तीच संपूर्ण बारभर ठेवावी. सी मेजरमध्ये सी-ई-जी, एफ-ए-सी आणि जी-बी-डी या तीन कॉर्ड बहुतेक चालींना पुरतात. एखादा स्वर दोन कॉर्डमध्ये बसत असेल, उदाहरणार्थ सी हा स्वर सी आणि एफ या दोन्ही कॉर्डमध्ये आहे, तेव्हा बारमधील उरलेल्या स्वरांकडे पाहून ठरवावे, आणि तरीही शंका राहिली तर दोन्ही वाजवून कानाला विचारावे. गाण्याच्या अगदी शेवटी मात्र जी कडून सी कडे येणे सहसा सोडू नये. तो उतार नसेल तर गाणे संपल्यासारखे वाटत नाही.

‘सायलेंट नाईट’ २४ बारांत मांडली, तर डाव्या हाताचा आराखडा असा होतो : चार बार सी, मग दोन जी, दोन सी, दोन एफ, दोन सी, पुन्हा दोन एफ, दोन सी, दोन जी, दोन सी, आणि अखेरच्या ओळीत एक सी, एक जी, दोन सी. शेवटची ओळ सोडली तर दर दोन बारांनीच हात बदलतो. या गाण्याला अशी साधी साथ शोभते, याचे कारण त्याच्या जन्मातच आहे : १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे फ्रान्झ झेव्हर ग्रुबर यांची ही चाल पहिल्यांदा गायली गेली, तेव्हा साथीला गिटार होती.

हा आराखडा तयार झाला, की तो वाजवायचा कसा हे शिकणाऱ्याच्या पायरीप्रमाणे ठरवावे. अगदी सुरुवातीला कॉर्डचा केवळ मूळ स्वर, बारभर लांब. त्यानंतर मूळ स्वर आणि त्याच्या वरचा पाचवा, म्हणजे सी सोबत जी, एकत्र. तीन मात्रांच्या चालीत पुढची पायरी म्हणजे पहिल्या मात्रेवर मूळ स्वर आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर कॉर्डमधले वरचे दोन स्वर; ही रचना उड्या मारायला लावते, म्हणून ती घाईने देऊ नये. पूर्ण कॉर्ड देण्याची वेळ आली, की प्रत्येक कॉर्ड मूळ स्वरापासून न लिहिता जवळच्या जवळ लिहावी : सी-ई-जी साठी बोटे ५-३-१, एफ साठी सी-एफ-ए बोटे ५-२-१, आणि जी सेव्हन (जी च्या कॉर्डमध्ये एफ मिसळलेली कॉर्ड; येथे डी गाळला आहे) साठी बी-एफ-जी बोटे ५-२-१. करंगळी सी वरून फार तर शेजारच्या बी पर्यंत सरकते आणि अंगठा जी किंवा ए वर राहतो. हा एक बदल केला, तरी पान निम्म्याने सोपे होते असा माझा अनुभव आहे.

कागदावर उतरवताना

म्यूझस्कोअरसारखे स्वरलेखनाचे मोफत सॉफ्टवेअर असल्यामुळे सुबक छपाई आता कोणालाही जमते, पण सॉफ्टवेअर आपण सांगू तेच करते. पंचरेषा मोठी ठेवावी, चार बार झाले की ओळ तोडावी, आणि गाणे एका पानात संपवावे, कारण पान उलटणे हे नवशिक्यासाठी तिसऱ्या हाताचे काम आहे. बोटांचे आकडे प्रत्येक स्वरावर लिहू नयेत. ओळीचा पहिला स्वर आणि हाताची जागा बदलते तो स्वर, एवढ्यांवरच लिहावेत. प्रत्येक स्वराखाली सी, डी, ई अशी नावे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण अक्षरे दिसली की डोळे पंचरेषेकडे पाहतच नाहीत आणि दहा गाणी झाली तरी वाचन येत नाही. त्याऐवजी स्वरांखाली गाण्याचे शब्द, अक्षरे तोडून, छापावेत. लय कोठे लांबते हे शब्दच सांगतात. पुन्हा मागे जाण्याच्या खुणा टाळाव्यात आणि चार बार परत यायचे असतील तर ते सरळ पुन्हा लिहावेत.

हक्कांबाबत एकच सावधगिरी बाळगावी. वर उल्लेखलेल्या चाली इतक्या जुन्या आहेत, की त्यांची स्वतःची मांडणी कोणीही करू शकतो. परंतु एखाद्या चालू पुस्तकातील आधुनिक मांडणी ही त्या मांडणीकाराची निर्मिती असते. चाल मुक्त आहे म्हणून त्या पानाच्या प्रती काढता येत नाहीत. नाताळची म्हणून ओळखली जाणारी विसाव्या शतकातील कित्येक गाणी तर मुळातच अजून हक्कांखाली आहेत, तेव्हा आधी रचनेचे वर्ष पाहावे.

वापरून पाहणे

तयार कागद शिकणाऱ्यापुढे ठेवावा, काहीही समजावून न सांगता, आणि पेन्सिल घेऊन बाजूला बसावे. तो जेथे थांबतो तेथे कागदावर खूण करावी. एकाच जागी दुसऱ्यांदा थांबला, तर बहुधा तेथे दोन्ही हात एकाच वेळी जागा बदलत असतात. डाव्या हाताची कॉर्ड एक बार आधी किंवा नंतर न्यावी, किंवा तेथे डाव्या हाताला विश्रांती द्यावी.

मांडणी गाणाऱ्यांच्या साथीसाठी असेल, तर दोन गोष्टींची भर घालावी. सुरुवातीला गाण्याची शेवटची ओळ प्रस्तावना म्हणून वाजवायची, म्हणजे गाणाऱ्यांना पट्टीही मिळते आणि लयही; त्यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. आणि जेथे ओळ संपते तेथे श्वासाची खूण करून तो स्वर किंचित लवकर सोडायचा, नाहीतर वाजवणारा पुढे निघून जातो आणि गाणारे मागे राहतात. शेवटी ‘आमेन’ म्हणायचे असेल, तर सी मेजरमध्ये एफ ची कॉर्ड आणि त्यानंतर सी ची, दोन्ही लांब, एवढे दोन बार अखेरीस जोडावेत. जवळच्या जवळच्या कॉर्ड शिकलेल्या हाताला तेथे करंगळी हलवावीही लागत नाही.