जुन्या घरातला सेंट्रल एसी बदलताय? या चुका टाळा

आमचं न्यू जर्सीतलं घर १९५८ सालचं. आधीचं युनिट तीन टनांचं होतं आणि वरच्या बेडरूम कधी नीट गार व्हायच्या नाहीत. कॉन्ट्रॅक्टरने बाहेरच्या युनिटवरचं लेबल वाचलं, दहा मिनिटांत सांगितलं, "चार टनांचं घ्या, प्रश्न मिटेल." आम्ही घेतलं. जूनमध्ये आई पुण्याहून आली. तिने भाजून ठेवलेले पापड आम्ही जेवायला बसेपर्यंत सादळले. "अगं, एसी चालू असून घरात एवढी ओल कशी?" थर्मोस्टॅटवर ७४ अंश फॅरनहाइट होतं, आर्द्रता मात्र ६६ टक्के.

पहिली चूक तीच: जुन्या लेबलवरून नवा आकार ठरवणं, आणि वर "थोडं मोठंच असू दे" म्हणणं. मोठं युनिट हवा पटकन गार करतं आणि सात-आठ मिनिटांत आपोआप बंद होतं. कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या आतल्या नळ्यांच्या जाळ्यावर, जमलेलं पाणी ठिबकून नळीत जायलाच तेवढा वेळ लागतो. युनिट बंद झालं की ते पाणी पुन्हा हवेत मिसळतं. घर गार, पण चिकट. शिवाय तुमच्या घराच्या खिडक्या मधल्या काळात बदलल्या असतील, अॅटिकमध्ये इन्सुलेशन भरलं असेल, तर आता आधीपेक्षा लहान युनिट पुरू शकतं. खोलीगणिक मापं घेऊन, खिडक्यांच्या दिशा बघून केलेला हिशेब मागा. अमेरिकेत त्याला मॅन्युअल जे म्हणतात. जो टेप न काढता टन सांगतो, त्याला काम देऊ नका.

दुसरी चूक मला सगळ्यात महागात पडली: डक्टकडे, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळांकडे, न बघणं. त्या काळच्या बऱ्याच घरांत डक्ट फक्त फर्नेससाठी, म्हणजे हिवाळ्यात घर तापवणाऱ्या भट्टीसाठी, टाकलेले असतात. फर्नेसची हवा खूप गरम असते, म्हणून थोडी असली तरी भागतं. एसीला मात्र दर टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. सहा इंची गोल डक्टमधून जेमतेम १०० घनफूट जाते. म्हणजे तीन टनांना असे बारा डक्ट हवेत. आमच्याकडे नऊ होते, आणि त्यांच्यावर आम्ही चार टन लादले! शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा दुसऱ्या एका जाणकार माणसाने डक्टला बारीक भोक पाडून दाब मोजला. ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, ०.५ इंच (पाण्याच्या उंचीत मोजलेल्या) दाबासाठी बनवलेला, आमच्याकडे ०.९ निघाला.

परतीच्या हवेचं, म्हणजे खोल्यांतून युनिटकडे परत जाणाऱ्या हवेचं, तर कुणी बोलतच नाही. जुन्या घरांत बहुतेकदा हॉलमध्ये एकच मोठी जाळी असते. बेडरूमचं दार लावलं की आत गेलेली हवा अडकते आणि नवी गार हवा आत यायला तयार नसते. पारख सोपी आहे: एसी चालू असताना दार लावा आणि दाराखालच्या फटीशी टिश्यू पेपर धरा. तो जोरात बाहेर उडाला, तर परतीची वाट अपुरी आहे. वरच्या मजल्यावर एक परतीचा डक्ट वाढवल्यावर आमच्या मुलीची खोली चार अंशांनी उतरली. युनिट तेच, थर्मोस्टॅट तोच.

बेसमेंटात जुन्या डक्टच्या जोडांवर पांढरी, कापडासारखी पट्टी दिसली तर ती ओढून काढू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

"फक्त बाहेरचं युनिट बदलू, आतली कॉइल चालेल" असं कुणी म्हटलं, तर ऐकू नका. जुन्या एसीत गारवा देणारा जो आर-२२ गॅस असायचा, त्याचं अमेरिकेतलं उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए वर चालणाऱ्या नव्या घरगुती यंत्रणा बनवणं २०२५ पासून थांबलं. आता आर-४५४बी किंवा आर-३२ येतो. हे गॅस किंचित ज्वलनशील आहेत, त्यामुळे आतली कॉइल आणि बाहेरचं युनिट एकमेकांसाठीच बनलेलं हवं. भिंतीतली जुनी तांब्याची नळी कधी कधी ठेवता येते, पण माप जुळलं, ती आतून धुतली आणि नायट्रोजन भरून गळती तपासली तरच. गॅस सोडण्याआधी नळीतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढतात; तेव्हा व्हॅक्यूम गेज ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊन तिथेच टिकतंय का, हे स्वतः उभं राहून बघा. घाईत हीच पायरी गाळली जाते.

ब्रेकरचंही बघा. नव्या युनिटच्या लेबलवर कमाल ३० अँपियर लिहिलेलं असताना जुना ४० चा ब्रेकर तसाच राहतो. टाउनशिपचं परमिट घ्या. "कशाला उगाच" म्हणणाऱ्याला हे तपासून घ्यायचं नसतं.

बसवून झाल्यावरही काही बिघडलं, तर फोन करण्याआधी एवढं करा. घर दमट वाटत असेल तर थर्मोस्टॅटवर फॅन 'ऑन' आहे का बघा. 'ऑटो'वर ठेवा, नाहीतर कॉइलवरचं पाणी पंखा परत घरात सोडतो. कॉइलवर बर्फ धरला तर कूलिंग बंद करा, नुसता पंखा चालू ठेवून तो वितळू द्या आणि फिल्टर बघा. खरवडू नका. बर्फ पुन्हा धरला तर हवा किंवा गॅस कमी आहे, मग माणूस बोलवाच. वर गार हवा जावी म्हणून खालच्या जाळ्या बंद करू नका, दाब आणखी वाढतो. त्याऐवजी बेसमेंटात डक्टवर हवा कमी-जास्त करायचं हँडल असेल ते थोडं थोडं फिरवा. एसी एकदम बंद पडला आणि ड्रेनच्या ट्रेमध्ये पाणी दिसलं, तर बहुधा पाण्याची नळी तुंबून फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की एसी बंद करणारा स्विच, पडला आहे. त्या नळीच्या बाहेरच्या टोकाला पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर लावला की बऱ्याचदा मोकळी होते.

आमचं चार टनांचं युनिट अजून तेच आहे. एवढ्यात पुन्हा बदलण्याइतके पैसे नाहीत. डक्ट वाढवले, पंख्याचा वेग शक्य तेवढा कमी करून घेतला, आणि बेसमेंटात डीह्युमिडिफायर ठेवला. पावसाळी आठवड्यात त्याची बादली मी सकाळी एकदा आणि झोपताना एकदा रिकामी करते.