स्लॉट कार लांबच्या वळणावर मंदावते: माझा अनुभव

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून धावणारी, खाचेलगतच्या दोन धातूच्या पट्ट्यांवरून वीज घेणारी खेळण्यातली गाडी. मालवणच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात ती वळणावर हमखास मंदावते. माझी १:३२ मापाची (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याची), स्कॅलेक्स्ट्रिक ब्रँडची जुनी गाडी वीजजोडणीजवळ सुसाट धावायची, पलीकडच्या वळणावर धडपडत थांबायची. बोटाने ढकललं की पुन्हा चालू.

पट्ट्यांवरून वीज घेणारी गाडीखालची तारेची वेणी बदलली, मोटरला तेल दिलं, दुसरा अ‍ॅडॅप्टर लावला. फरक शून्य, पार वैतागलो.

उत्तर मल्टिमीटरने दिलं. रिकाम्या ट्रॅकवर आकडा सगळीकडे १२ व्होल्टच्या आसपास येतो, त्यावर विसंबू नका. एकाने हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर दाबून गाडी जागेवर धरायची, दुसऱ्याने शेजारच्या पट्ट्यांवर मोजायचं. दोन-तीन सेकंदच, मोटर तापते. जोडणीजवळ ११, वळणावर जेमतेम ७. म्हणजे वीज सांध्यांत अडकत होती.

वीज बंद करून ट्रॅकचे तुकडे सुटे करा. सांध्यांच्या पत्र्याच्या जिभांवरचा गंज १००० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. सैल जीभ नाकदार पकडीने किंचित वाकवा. जोडताना बोटाला विरोध जाणवला पाहिजे. मग सांध्यांवर व्हॅसलीनचा पुसट हात, पट्टीच्या माथ्यावर मात्र नाही, टायर घसरतात.

ट्रॅक मोठा असेल तर जोडणीच्या तुकड्याखालून लांबच्या तुकड्याखाली जादा तारा न्या. पट्टीची खालची बाजू घासून, फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट) लावून तारेला सोल्डरचा डाग द्या. डावी पट्टी डावीलाच, उजवी उजवीला, प्रत्येक लेनला वेगळी जोडी. वीज देण्याआधी, गाडी उचलून, मीटर बीप देणाऱ्या कंटिन्युइटी मोडवर ठेवून, लेनच्या दोन पट्ट्यांमध्ये तो वाजत नाही ना (म्हणजे त्या एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत ना) ते बघा.

आता वळणावर भारासकट १०.८ व्होल्ट मिळतात.