पाटण खोऱ्यातली दगडी भिंत फुटू नये म्हणून

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाटणकरांना वेगळा सांगायला नको. दगडी भिंत पडते ती दगडामुळे नव्हे. आतला-बाहेरचा थर सुटा आणि मध्ये नुसती कपच्यांची भर असते, म्हणून हादऱ्यात ती फुगते आणि उभी फाटते.

जाडी दीड फुटाच्या आत ठेवा. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार दगड घालाच. तेवढा लांब दगड नसेल तर ८ मिमी सळईचा आकडा काँक्रीटमध्ये पुरा. उघडा राहिला की गंजतो.

दारा-खिडक्यांवर सगळ्या भिंतींवरून अखंड तीन इंची काँक्रीटचा पट्टा फिरवा, त्यात १२ मिमीच्या दोन सळया. कोपऱ्यात सळई तोडू नका, वळवून पुढच्या भिंतीत न्या. घाई नेमकी इथेच होते.