स्वस्त रोबो किट घेताना चाकाचा सेन्सर कसा पारखायचा

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की गावातले पोट्टे मोबाईल घेऊन दारात हजर, "दादा, हे किट घेऊ का, याच्यात चाळीस वस्तू हायेत." अरे बापा, त्या चाळीसातले चोवीस तर नट-बोल्टच राहतात. स्वतःसाठी आणि या पोरांसाठी मिळून डझनभर किटं जोडून झाली, पहिली दोन चुकीची घेतली, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी ठरवा रोबोनं करायचं काय. नुसतं काळ्या पट्टीवर चालायचं किंवा भिंत आली की वळायचं असेल तर चाकाला सेन्सर नकोच, ते पैसे वाचवा. पण "दोन मीटर सरळ जा, काटकोनात वळ, थांब" असं पाहिजे असेल तर चाक किती फिरलं हे मोजणारा एनकोडर लागतोच, कारण एकाच पाकिटातल्या दोन मोटरी सारख्या फिरत नाहीत. जोडीतला एक बैल तेज आणि एक मठ्ठ असला की वखर कसा एका अंगाला जातो, तसंच. काही जण सांगतात की प्रोग्राममध्ये एका मोटरचा स्पीड थोडा कमी करा, झालं. काही होत नाही. बॅटरी उतरली की ते गणित बदलतं, आणि फरशीवरून सारवलेल्या अंगणात आणला की पुन्हा बदलतं.

प्रोग्राम चालवणारा बोर्ड आर्डुइनो उनो घ्या, कॉपी चालते. बोर्डाच्या हुकमावर मोटरीला करंट देणारा मोटर ड्रायव्हर लागतो, त्यातला एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खाऊन टाकतो, म्हणून छोट्या मोटरींना टीबी६६१२ बरा. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, कोणतीही.

आता सेन्सर, माझे पैसे आणि झोप दोन्ही इथंच गेलं.

स्वस्त किटमध्ये पिवळ्या बीओ मोटरी आणि २० खाचांची काळी प्लास्टिकची चकती राहते. फोटोत चकती दिसली की आपण समजतो सेन्सर पण असेलच, पण पुष्कळ किटांत नुसती चकती येते आणि ती वाचणारा, म्हणजे खाचेतून उजेड गेला की एक पल्स (काउंट) देणारा सेन्सर वेगळा घ्यावा लागतो. माझं पहिलं पार्सल तालुक्याहून काळी-पिवळीत मांडीवर घेऊन आणलं, रात्री खोललं, तर सेन्सर नाहीच. विकणारा म्हणे यादीत कुठं लिहिला होता? खरंच नव्हता. तेव्हा यादी वाचा, फोटोवर जाऊ नका.

सेन्सर असला तरी थोडं गणित करून पहा. चाक ६५ मिलिमीटरचं, म्हणजे एका फेऱ्यात साधारण २०४ मिलिमीटर, आणि खाचा २०, म्हणजे एका काउंटला जवळपास १ सेंटिमीटर. सरळ जायला चालून जातं. पण दोन चाकांमध्ये १४ सेंटिमीटर अंतर धरलं तर जागच्या जागी काटकोनात वळायला प्रत्येक चाकाला ११ सेंटिमीटर चालावं लागतं, म्हणजे अवघे ११ काउंट, आणि त्यातला एक चुकला की ८ अंशांचा फरक. अशी चार वळणं घेऊन चौकोन काढायला लावा, रोबो शेजाऱ्याच्या वावरात.

आणि या सेन्सरला दिशा कळत नाही. पुढं जावो की मागं, काउंट वाढतच जातो. त्याच्या पट्टीवर डीओ (पल्स देणारी) आणि एओ अशा दोन पिना राहतात, मी शहाणा, एओ म्हणजे दुसरा चॅनल, म्हणजे पल्सची दुसरी वायर, समजून आठ दिवस त्याच्यावर प्रोग्राम लिहीत बसलो. एओ हा दुसरा चॅनल नाही, दिशेशी त्याचं काही देणंघेणं नाही. दिशा कळायला ए आणि बी असे दोन चॅनल लागतात, त्यांचे पल्स एकमेकांपासून पाव चक्र सरकलेले असतात, आधी कोणता आला त्यावरून चाक पुढं चाललं की मागं ते समजतं.

म्हणून माझं मत पक्कं आहे, मागं एनकोडर लागलेल्या एन२० नावाच्या छोट्या गिअर मोटरींचंच किट घ्या. दोनचारशे वाचवून खाचावालं घेणं म्हणजे तेच किट दोनदा घेणं. ओळखायचं कसं, तर मोटरच्या वायरी मोजा. दोन असल्या तर साधी मोटर. सहा असल्या तर दोन मोटरच्या, दोन सेन्सरच्या सप्लायच्या, आणि ए-बी. यात खाचांच्या चकतीऐवजी चुंबक असतं, ते मोटरच्या मागच्या शाफ्टवर, गिअरच्या अलीकडे बसवलेलं असतं, त्यामुळे मोटरच्या एका फेऱ्याला त्याचे ७ पल्स आणि गिअर १:५० (मोटरचे ५० फेरे, चाकाचा एक) असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला ३५० पल्स मिळतात. ४३ मिलिमीटरच्या चाकाला हे एका पल्सला ०.४ मिलिमीटरच्या आत येतं. कोणी विकणारा ७ लिहितो, कोणी २८. घाबरू नका, दोन्ही चॅनलच्या चढत्या-उतरत्या कडा, म्हणजे पल्स सुरू होताना आणि संपताना, मोजल्या की ७ चे २८ होतात, वस्तू तीच, मोठा आकडा पाहून जास्त पैसे मोजू नका.

दुसरं कारण आमच्याकडचं. खाचावाला सेन्सर उजेडावर चालतो. वेचणी झाली की घरात कापूस भरलेला, त्याचं तूस उडून बरोबर त्या खाचेत जाऊन बसतं, आणि मे महिन्याच्या उन्हात अंगणात नेला की काउंट येणंच बंद. काळी टेप लावून झाकला तेव्हा चालला. चुंबकाच्या सेन्सरला ऊन आणि तूस दोन्ही सारखंच, काही फरक पडत नाही.

तरी खाचावालं घरात येऊन पडलंच असेल तर चाकाला नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि हातानं १० फेरे फिरवा. २०० यायला पाहिजे. ४०० आले तर प्रोग्राम प्रत्येक पल्सच्या दोन्ही कडा मोजतोय, ते दुरुस्त करणं सोपं आहे. पण एकदा २३०, मग २६०, मग २१५ असं काही आलं तर एकच खाच दोन-तीनदा मोजली जातेय. मी तीन रात्री प्रोग्रामला शिव्या घातल्या, इलाज निघाला डीओ आणि ग्राउंडच्या मध्ये १०४ नंबरचा एक सिरॅमिक कपॅसिटर. हातानं बरोबर येतं आणि मोटर चालू केली की बिघडतं, असं असेल तर मोटरच्या दोन टोकांमध्ये पण एक १०४ लावा.

पल्स आला की प्रोग्राम हातातलं काम थांबवून लगेच मोजतो, त्याला इंटरप्ट म्हणतात. उनोला असे बाहेरचे इंटरप्ट दोनच, पिन २ आणि ३. दोन्ही मोटरींचे ए चॅनल तिथं द्या, बी कोणत्याही पिनला. उनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड वापरणार असाल तर ५ व्होल्टचा पल्स सरळ त्याच्या पिनला देऊ नका, तो ३.३ व्होल्टचा आहे, मरतो.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि दहा फेऱ्यांची टेस्ट त्याच दिवशी करा, परत करायची मुदत शेतीच्या कामात कधी निघून जाते समजत नाही. लाइट गेली असेल तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर होऊन जाते.