रोममध्ये पहिल्यांदाच तीन दिवस? या चुका टाळा

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही चौघं व्हॅटिकन संग्रहालयांच्या दारापाशी पोचलो, तर दार बंद. रांग नाही, गर्दी नाही. आधी वाटलं, आपण लवकर आलो. मग पाटी वाचली. संग्रहालयं रविवारी बंद असतात. परतीचं विमान सोमवारी सकाळी होतं, त्यामुळे या संग्रहालयांच्या आतलं सिस्टिन चॅपेल राहिलं ते राहिलंच. केस कापायलासुद्धा वार बघणारं आमचं घर, पण रोमचा कार्यक्रम आखताना भिंतीवरच्या कालनिर्णयकडे कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून नात्यातलं कुणी रोमला निघालं की त्यांच्या कार्यक्रमाचा कागद माझ्याकडे तपासायला येतो. चुका बहुतेक त्याच असतात, आणि रोममध्ये पाऊल टाकण्याआधी घरीच झालेल्या असतात.

आधी वार, मग विमानाचं तिकीट

रविवारच्या बंद दाराला महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद. त्या दिवशी व्हॅटिकन संग्रहालयं दुपारपर्यंत उघडी असतात आणि प्रवेश फुकट. फुकट म्हटल्यावर रांग कुठवर जाते, ते सांगायला नको. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असले की सेंट पीटर्स चौकात त्यांच्या दर्शनाला हजारो लोक जमतात. तो कार्यक्रम आटपेपर्यंत चौकातल्या भव्य चर्चमध्ये, म्हणजे बॅसिलिकात, जाता येईल असं धरून चालू नका. सोमवारी बोर्गेझे गॅलरी हे कलासंग्रहालय बंद. एरवीही तिथे आधी वेळ राखून ठेवावी लागते आणि दोन तासांनी बाहेर पडावं लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी कलोसियमसारखी सरकारी स्थळं फुकट असतात, म्हणजे पुन्हा तीच रांग.

हे सगळं मांडून बघितलं की सलग उरतात ते गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीनच दिवस हातात असतील तर मी हेच वार धरेन, मग विमान दोन-तीन हजारांनी महाग पडलं तरी चालेल.

वारासारखीच वेळ. मायकलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा ज्या सान पिएत्रो इन व्हिन्कोली चर्चमध्ये आहे, तिथे प्रवेश फुकट आणि कलोसियमपासून ते चालत दहा मिनिटांवर. लोक कलोसियम बघून, जेवून, दुपारी दीडला तिथे जातात आणि बंद दाराचा फोटो काढून परततात. रोममधली बरीच चर्चेस दुपारी साधारण साडेबारा ते तीन मिटलेली असतात. पुणेकरांनी याबद्दल तक्रार करू नये.

तिकिटावरचं नाव

कलोसियमचं तिकीट 2023 च्या ऑक्टोबरपासून नावानिशी निघतं आणि दारात पासपोर्ट बघतात. आपल्याकडे गोंधळ इथेच होतो. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि तिकीट काढणाऱ्या भाच्याने लिहिलेलं ‘बेबी मावशी’. चौघांचे पासपोर्ट समोर ठेवून, त्यावर आहे तसंच नाव टाका. तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण 30 दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट 18 युरोंचं असून त्यातच शेजारचे प्राचीन अवशेष, म्हणजे रोमन फोरम आणि पॅलेटाईन टेकडी, येतात. कलोसियमला मात्र राखलेल्या वेळेलाच जावं लागतं. तिकिटं संपलेली दिसली की लोक घाबरून तिप्पट पैशांची ‘रांग टाळा’ सहल घेतात. तसं करण्याआधी दुसऱ्या दिवशीची, किंवा दुपारी उशिराची वेळ बघा. पँथिऑन या प्राचीन मंदिरालाही 2023 च्या जुलैपासून 5 युरो लागतात. जुने व्हिडिओ बघून गेलेल्यांना ते तिथे जाऊन कळतं.

सेंट पीटर्स बॅसिलिकाला तिकीट नाही. तिथली लांब रांग सुरक्षा तपासणीची असते. चौकात कुणी ‘बॅसिलिकाचं तिकीट’ म्हणून काही विकायला आला तर पुढे चालू लागा. आणखी एक, ज्यात शहाणी माणसंही फसतात: व्हॅटिकन संग्रहालयांचं दार या चौकात नाही. ते व्हॅटिकनच्या तटाला वळसा घालून गेल्यावर लागतं, चालत पंधरा-वीस मिनिटं. दहाची वेळ राखलेली आणि पावणेदहाला चौकातल्या रांगेत उभे, असं करू नका.

चर्चमध्ये जाताना कपड्यांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी-सलवारवाल्या बायका निर्धास्त आत जातात. अडवतात ते बर्म्युडा घातलेल्या मुलाला, आणि त्याची पँट हॉटेलवर असते. पिशवीत एक ओढणी ठेवा. बॅसिलिकाच्या घुमटावर जायचं असेल तर 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी 320 उरतात आणि वर जिना तिरका, अरुंद होत जातो. गुडघेदुखीवाल्यांना हे आधीच सांगा, अर्ध्यावर नको.

‘आलोच आहोत तर’

या तीन शब्दांनी जितक्या सहली बिघडवल्या, तितक्या पावसानेही नसतील. एका कागदावर मला पहिल्या दिवशी कलोसियम, फोरम, व्हॅटिकन, ट्रेव्हीचं कारंजं, आणि दुसऱ्या दिवशी ‘फ्लॉरेन्स व पिसा’ असं दिसलं. फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने दीड तासावर आहे हे खरं. पण तीन दिवसांतला एक दिवस स्थानकांत घालवायला रोमला कशाला जायचं? कलोसियमची बाजू एका दिवशी, व्हॅटिकनची दुसऱ्या दिवशी. मधला पँथिऑन, नव्होना चौक, ट्रेव्हीचा भाग पायी फिरायचा; मेट्रो तिथे फारशी पोचतच नाही. ट्रेव्ही सकाळी साडेसहाला बघा. स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, 2019 पासून बंदी आहे आणि दंड 400 युरोंपर्यंत होऊ शकतो.

व्हिसा आणि विमानतळ

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच देशाकडे करायचा. रोममध्ये तीन आणि पॅरिसमध्ये चार रात्री असतील तर अर्ज फ्रान्सकडे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं लागतं. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी हॉटेलं धरू नका.

फ्युमिचिनो विमानतळावरून टर्मिनी स्थानकाला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस 32 मिनिटं घेते, तिकीट माणशी 14 युरो. ऑरेलियन तटबंदीच्या आतल्या शहरात जायला अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचं ठरलेलं भाडं 55 युरो, तेही पूर्ण गाडीचं. चौघांचं गणित तुम्हीच करा. एकटेदुकटे असाल तर रेल्वेच बरी. रेल्वेचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं. ते राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड. बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून चालतं, पण माणशी एक कार्ड लागतं. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. पाकीट मागच्या खिशात नको, पाठीवरची पिशवी पुढे घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहण्याची भीती अनाठायी आहे. भीती असावी ती नकळत खाण्याची. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं. सुप्ली हा तळलेला भाताचा गोळा आपल्या बटाटेवड्याच्या भावासारखा दिसतो, पण आतल्या रश्शात बहुधा खिमा असतो. मिनेस्त्रोने सूपमध्ये भाज्याच दिसतात, पाणी मात्र कधी मांसाचं असतं, म्हणून विचारा. ‘काच्चो ए पेपे’ पास्त्यात चीज आणि मिरपूड, बाकी काही नाही. पण त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या रसाने, विरजतात, पार्मेझानमध्येही वासराचं रेनेट असतं. कडक शाकाहारी असाल तर चीज नसलेला मारिनारा पिझ्झा आणि ज्यू वस्तीतला तळलेला कुरकुरीत आर्टिचोक, ही एक भाजी. तो मी दोन दिवस सलग खाल्ला. बऱ्याच खाणावळींची स्वयंपाकघरं दुपारी तीन ते सात बंद असतात. त्या वेळी कापून वजनावर मिळणारा पिझ्झा कामी येतो.

बिलात ‘पाने’ दिसलं तर दचकू नका, तो पाव आहे आणि त्याचे पैसे लागतात. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात की दर बदलतो. बाटलीबंद पाणी विकत घेणं तर शुद्ध उधळपट्टी. रस्त्यांवर सुमारे 2,500 लोखंडी नळ चोवीस तास वाहतात, ‘नासोनी’ म्हणजे मोठी नाकं त्यांचं नाव. खालची तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंज्यासारखी धार येते. मुलांना एकदा दाखवलंत की दर नळाशी दहा मिनिटं जातील.

राहिला हॉटेलचा हिशोब. खोलीचे पैसे आधी भरलेले असले तरी निघताना शहराचा मुक्काम कर मागतात. चार तारांकित हॉटेलात दर माणशी दर रात्री 7.50 युरो, दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. चार मोठी माणसं, तीन रात्री: 90 युरो. आम्ही शेवटच्या संध्याकाळी सगळे युरो संपवून आलो होतो आणि तिथे रोख मागत होते. पहाटे पाचला एटीएम शोधायला मी गेले, खाली टॅक्सी थांबलेली.