निर्वासितांच्या छावणीत पिण्याचं पाणी: पहिल्या दिवसापासून काय करायचं

युद्ध पेटलं की बातम्यांत ठराव, परिषदा आणि मदतनिधीचे आकडे येतात. सीमा ओलांडून पायी आलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय समुदाय पहिल्यांदा भेटतो तो मात्र नळावर. १९९४ च्या जुलैत रवांडातून पळालेली लाखो माणसं आताच्या काँगोमधल्या गोमा शहराभोवती जमली. शेजारी किवू सरोवर भरलेलं होतं, पण ते पाणी शुद्ध करून पोचवण्याची सोय नव्हती आणि ज्वालामुखीच्या कातळात संडासाचे खड्डे खणता येत नव्हते. महिन्याभरात सुमारे ५०,००० माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीनं. या धक्क्यानंतर, १९९७ मध्ये, मदतसंस्थांनी 'स्फिअर' ही किमान मानकं ठरवायला घेतली. अशा कामावर जाणाऱ्या अभियंत्यांना, डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना खालचे आकडे तोंडपाठ हवेत.

आधी हिशेब

माणशी दिवसाला १५ लिटर. अगदी सुरुवातीला ७.५ लिटरवर जीव तगतो, पण तेवढ्यात हात धुणं मागे पडतं आणि जुलाब पसरतात. म्हणून ही अवस्था जितकी लवकर संपेल तितकं चांगलं.

१०,००० माणसं म्हणजे रोज दीड लाख लिटर, म्हणजेच १०,००० लिटरच्या टँकरच्या १५ खेपा. भरणं, रस्ता, तपासणी नाके आणि रिकामं करणं धरून एका टँकरच्या तीन खेपा होत असतील, तर पाच टँकर लागतील आणि सहावा राखीव. नाक्यावर गाडी अडते, डिझेल संपतं. त्यामुळे टाक्यांत एक दिवसाचा साठा नेहमी असू द्या. टँकर हा सगळ्यात महागडा आणि बेभरवशाचा मार्ग आहे. तो पहिल्या दिवशी लावा आणि त्याच दिवशी बोअर किंवा नदीवरच्या पंपाची पाहणी सुरू करा.

एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं. हा आकडा मिनिटाला ७.५ लिटर धार गृहीत धरून काढलेला आहे. २५० जणांचे ३,७५० लिटर भरायला ५०० मिनिटं, म्हणजे सव्वाआठ तासांहून थोडं जास्त लागतात. धार निम्मी झाली की तोच नळ साडेसोळा तासांहून थोडा जास्त चालवावा लागेल. त्यामुळे कागदावर ४० नळ आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. घड्याळ लावून बघा: २० लिटरचा कॅन दोन मिनिटं चाळीस सेकंदांत भरला पाहिजे. वेळ जास्त लागत असेल तर टाकी उंच करा, नाहीतर नळ वाढवा. कुठल्याही झोपडीपासून नळकोंडाळं ५०० मीटरच्या आत आणि रांग अर्ध्या तासाच्या आत असावी. पाणी भरतात बाया आणि पोरं. नळ किती वाजता सोडायचे हे त्यांना विचारून ठरवा.

क्लोरीनचा डोस

आपल्याकडे ग्रामपंचायतीत वापरतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असताना क्लोरीनच्या प्रमाणात साधारण ३३ टक्क्यांची असते. छावण्यांत बहुधा ६५ ते ७० टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे एचटीएच, येतं. सवयीनं टीसीएलच्या मापानं एचटीएच टाकलं तर डोस दुप्पट होतो. डब्यावरची टक्केवारी वाचूनच मोजा. एक टक्क्याचं द्रावण करायला एक लिटर पाण्यात एचटीएच १५ ग्रॅम किंवा टीसीएल साधारण ३० ग्रॅम.

मग प्लॅस्टिकच्या चार बादल्यांत टाकीतलं २०-२० लिटर पाणी घ्या. बादली धातूची नको. धातू क्लोरीन खातो. अनुक्रमे १, १.५, २ आणि २.५ मिलिलिटर द्रावण टाका, ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. ज्या बादलीत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन शिल्लक राहिलं, तो तुमचा डोस. समजा दोन मिलिलिटरची बादली जुळली, तर १०,००० लिटरच्या टाकीला एक लिटर द्रावण लागेल. कॉलराची साथ असेल तर नळावर एक मिलिग्रॅमपर्यंत जा. त्याहून फार वर गेलं की वास येतो आणि लोक डबक्यातलं पाणी बरं म्हणून तिकडे वळतात. हे वारंवार घडतं.

क्लोरीन मोजायला डीपीडी १ ही तपासणीची गोळी वापरा. गुलाबी रंग पट्टीशी जुळवायचा. पाणी पिवळं करून दाखवणारी ओटी टेस्ट ओळखीची असली तरी ती जंतू मारायला मोकळं असलेलं आणि इतर पदार्थांशी बांधलं गेलेलं क्लोरीन नीट वेगळं दाखवत नाही.

पाणी गढूळ असेल, म्हणजे गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर असेल, तर आधी तुरटी. मातीचे कण क्लोरीन शोषून घेतात आणि जंतू त्यांच्या आड लपतात. गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्या आणि मगच क्लोरीन टाका. पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल तर अर्ध्या तासाऐवजी एक तास थांबा.

टाकीत नाही, घरातल्या कॅनमध्ये मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अहवालात टाकीचा आकडा जातो आणि तो नेहमी छान असतो. पण माणूस पितो ते झोपडीतलं, काल संध्याकाळी भरलेलं पाणी. ऊन, शेवाळलेला कॅन आणि त्यात बुडवलेला पेला मिळून रात्रीतून क्लोरीन संपवतात. रोज वेगवेगळ्या वस्त्यांतल्या काही घरांत जाऊन तपासा. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तरी उरलं पाहिजे. उरत नसेल तर क्लोरीन वाढवण्याआधी कॅन बघा. आत हात जात नसेल तर खडे आणि क्लोरीनचं पाणी घालून खळखळून धुवायला शिकवा. प्रत्येक कुटुंबाला १० ते २० लिटरची निदान दोन झाकणाची भांडी द्या, एक आणायला आणि एक साठवायला.

संडास आणि विहिरी

सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास, मग लवकरात लवकर २० माणसांमागे एक. पाण्यापासून ३० मीटर दूर आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर. बायकांचे वेगळे, आतून कडी आणि रात्री उजेड असलेले. नाहीतर त्या अंधार पडल्यावर जायचं नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत.

बांगलादेशात कॉक्स बाजारला ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले. अनेक संस्थांनी घाईत उथळ हातपंप आणि संडास एकमेकांना खेटून बांधले, आणि पुष्कळ पंपांच्या पाण्यात मैला मिसळला. त्याच ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याच्या लशीची मोठी मोहीम झाली आणि मोठी साथ टळली. लस वेळ मिळवून देते. तेवढ्या वेळात पंप खोल करून घ्यावे लागतात.

डिझेल, पगार आणि परवाने

येमेनमध्ये २०१६ ला कॉलरा सुरू झाला आणि २०१७ च्या डिसेंबरपर्यंत संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले. कॉलऱ्याचे उपचार तिथल्या डॉक्टरांना ठाऊक होते. पण पंपांना डिझेल नव्हतं आणि सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. म्हणून देणगीदाराकडे प्रस्ताव पाठवताना पाइप आणि टाक्यांबरोबर पंपचालकाचं मानधन, डिझेल, वायसर आणि सुटे भाग सहा महिन्यांचे लिहा. देणगीदार नव्या बांधकामाला लगेच हो म्हणतात. चालू खर्चासाठी भांडावं लागतं, आणि ते भांडण करायलाच हवं.

क्लोरीन वायूचा हत्यार म्हणून वापर झाल्यामुळे त्याची सिलिंडरं लढाईच्या भागात अडवली जातात. पावडर किंवा गोळ्या मागवा, आणि कागदांवर मात्रा व उपयोग स्पष्ट लिहा. जलकेंद्राचं नेमकं ठिकाण संयुक्त राष्ट्रांच्या समन्वयकामार्फत लढणाऱ्या सर्व बाजूंना लेखी कळवा. जीनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं ५४ वं कलम पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणांवर हल्ला करायला मनाई करतं. सुरक्षा परिषदेच्या २०२१ च्या २५७३ क्रमांकाच्या ठरावानंही नागरिकांच्या जगण्याला लागणाऱ्या अशा सोयींच्या संरक्षणाची मागणी केली आहे. हल्ला झालाच तर फोटो, वेळ आणि किती लोकांचं पाणी तुटलं याची नोंद त्याच दिवशी करा.

समन्वय बैठकीत 'पाणी पुरवतो आहोत' असं मोघम सांगू नका. माणशी किती लिटर, किती घरांच्या कॅनमध्ये क्लोरीन सापडलं आणि किती नळ बंद आहेत, हे तीन आकडे घेऊन जा. शेजारच्या गावाची विहीर आटत असेल तर तेही त्याच बैठकीत मांडा, आणि त्या गावाला पहिल्या आठवड्यातच नळजोड द्या.